भागीरथीबाईंचा कराचीचा अर्ज

माणसाने काशीला जावं, रामेश्वराला जावं, फारच हौस असली तर अमेरिकेत लेकीकडे जाऊन बर्फात उभं राहून फोटो काढून घ्यावा. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या भागीरथीबाईंना जायचं होतं कराचीला. तेही पंच्याण्णव साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले असताना. शेजारच्या कावेरक्कांनी हे ऐकलं तेव्हा त्या कुंपणापलीकडून कोथिंबीर द्यायला आल्या होत्या, ती द्यायचीच विसरल्या. "पाकिस्तान? अय्यो, याके? कशाला हो?" असं त्यांनी विचारलं. पुढली दोन-अडीच वर्षं ज्याने त्याने हेच विचारलं, आणि सांगून सांगून बाईंचं तोंड दुखून गेलं.

कशाला म्हणजे काय? अक्का होती तिथे. सख्खी थोरली बहीण.

भागीरथीबाईंचा जन्म कराचीचा. वडील बंदरातल्या गोदामात कारकून होते. तेव्हा कराचीत मराठी माणसं पुष्कळ होती; शाळा होती, गणपती होता, हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावरून भांडणंही होती. सत्तेचाळीस साली सगळं उधळलं. वडिलांनी बायको-मुलीला घेऊन मुंबईची बोट धरली आणि तिथून कुणा चुलतभावाच्या ओळखीने थेट बेंगळुरूच्या कापडगिरणीत नोकरी मिळवली. अक्का मात्र मागे राहिली. तिच्या नवऱ्याचं शिवणयंत्र-दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव होता. "गिऱ्हाइकांची यंत्रं पडलीत, ती देऊन येतो," म्हणाला. ती यंत्रं दिली, की दुसरी आली. असं करता करता दार बंद झालं. बोट सुटली तेव्हा धाकटी पंधरा वर्षांची होती. अक्का धक्क्यावर उभी राहून "द्वारके, पोचल्यावर पत्र टाक गं," एवढंच ओरडली.

हो, द्वारका. बाईंचं माहेरचं नाव द्वारका. पन्नास साली त्यांचं लग्न बेंगळुरूच्या येसाजीरावांशी झालं. हे घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, निदान घरातले सगळे तसं छातीठोकपणे सांगत. आता गंमत अशी, की सासूबाईंचं नावही द्वारकाबाईच. एका घरात दोन द्वारका कशा चालतील? सुनेला रागावायचं, तर सासूचं नाव घेऊन रागावणार कोण? म्हणून लग्नात येसाजीरावांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'भागीरथी' लिहिलं आणि द्वारका तिथल्या तिथे संपली. त्या नव्या नावानेही कुणी हाक मारली असेल तर शपथ. नवरा म्हणे "अगं ए," दीर म्हणे "वहिनी," मुलगा "आई," गल्ली "अक्का." भागीरथीबाई राहायच्या त्या फक्त रेशनकार्डावर.

द्वारका म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं आणि ते कराचीत होतं. दर दोन-तीन महिन्यांनी पत्र यायचं. पाकिटावर आधी यजमानांचं नाव आणि ते गेल्यावर मुलाचं, व्यंकटेशचं. बाईच्या नावाने पाकीट धाडायची पद्धतच नव्हती. आत मायना मात्र 'चि. द्वारकेस अनेक आशीर्वाद.' उत्तराखाली बाई 'तुझी द्वारका' लिहीत. मध्ये दोन लढाया झाल्या, पत्रं बंद पडली, पुन्हा सुरू झाली. जायचं मात्र कधी जमलं नाही. मुलं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग येसाजीराव. सगळ्यांचं करून झालं तेव्हा अक्काचा नातू अभिराज याचं पत्र आलं. 'आजीला हल्ली विसरायला होतं. मला कधीकधी बाबांच्या नावाने हाक मारते. तुमचं नाव मात्र रोज घेते. जमलं तर लवकर या.'

"मी जाणार," बाई म्हणाल्या. "तिला आठवतंय तोवर जाणार. एकदा समोर बसून तिने मला द्वारके म्हणावं, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

व्यंकटेश सरळ माणूस. सरकारी कारखान्यात होता. तिथे त्या देशाचं नाव काढलं तरी चार साहेब चौकशीला येतील, म्हणून तो स्वतः जाणं शक्य नव्हतं. आईला धाडायचं तर कागद हवेत. तिकडच्या नातेवाइकाचं बोलावण्याचं पत्र, त्यावर तिकडच्या अधिकाऱ्याचा शिक्का, कुठल्या गावात राहणार, किती दिवस, कुणाकडे. व्हिसा सबंध देशाचा नाहीच, ठरल्या गावाचा. गाव सोडून बाहेर पाऊल टाकायचं नाही, पोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत हजेरी लावायची. मुंबईचं पाकिस्तानी वकिलातीचं ऑफिस बंद झालेलं, म्हणजे अर्जासाठी दिल्ली. कराचीला जायला मुंबईहून विमानाने दीड तास, आणि त्याची परवानगी मागायला रेल्वेने दोन दिवस उलट्या दिशेला! शहाण्या माणसाने इथेच हात टेकले असते.

नोव्हेंबरात मायलेक दिल्लीला गेले. थंडीत पहाटेपासून रांगेत उभे राहिले. बाईंचे पाय सुजले, तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीने त्यांना आपल्या ट्रंकेवर बसायला जागा दिली. अकराच्या सुमाराला खिडकीशी पोचले. खिडकीतला माणूस सभ्य होता, उगाच कशाला खोटं बोला. त्याने पत्र वाचलं, पासपोर्ट वाचला आणि विचारलं, "अम्माजी, चिठ्ठी में लिखा है मेरी बहन द्वारका. पासपोर्ट पर भागीरथीबाई. ये दोनों कौन?"

"दोनों मैंच," बाई म्हणाल्या. "शादी में नाम बदली किया."

"उसका कोई काग़ज़?"

कागद! पन्नास सालच्या लग्नात लिहिलं गेलं होतं ते तांदळांत, आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून वऱ्हाडाने खाल्ले असणार. शाळेचा दाखला म्हणावा तर तो कराचीतच. द्वारका होती याचा सगळा पुरावा तिकडे आणि भागीरथी आहे याचा इकडे. अर्ज परत आला.

परतीच्या गाडीत व्यंकटेश कागद पुन्हा पुन्हा चाळत बसला होता. झाशीला एकदाच म्हणाला, "नावं कशाला बदलायची असतात गं?"

"मला विचारून बदललं होतं काय?" बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

मग मॅजेस्टिकजवळचा एक एजंट गाठला, पवनकुमार. याच्या टेबलावर तीन टेलिफोन आणि तिन्ही बंद, पण बोलण्यात तरबेज. "स्वल्प डोकं वापरा सर," तो म्हणाला. "द्वारका सोडूनच द्या. तिकडून नवीन पत्र मागवा, त्यात फक्त भागीरथीबाई. दोन्हीकडे एकच नाव. सरी, ठीक?"

"सरी," व्यंकटेश म्हणाला. बिचारा थकला होता, आणि थकलेल्या माणसाला आडवाटच आधी दिसते. त्याने अभिराजला कळवलं. अभिराजने पत्र तयार केलं, आजीसमोर ठेवलं. दुकानाच्या गडबडीत तिला काही समजावून सांगितलं नाही. तिनेही नातवाने पुढे केलं म्हणून सही केली. अर्ज पवनकुमारच्या माणसाबरोबर दिल्लीला गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसे सात महिने थांबले. सातव्या महिन्यात नकार आला. कारण काही दिलं नव्हतं.

कारण आठवड्याने आलं, अक्काच्या पत्रातून. हे तिने स्वतः लिहिलं होतं. मोठी मोठी वेडीवाकडी अक्षरं, एका ओळीत चार-पाच शब्द.

'चि. द्वारकेस अनेक आशीर्वाद. इकडे एक माणूस चौकशीला आला होता. अभिराज घरी नव्हता. भागीरथीबाई नावाची कुणी बाई माझी बहीण म्हणवून इकडे यायला बघते आहे म्हणे. मी त्याला स्वच्छ सांगितलं, असली कुणी बाई मला ठाऊक नाही. मला बहीण एकच, तिचं नाव द्वारका. तो पुन्हा पुन्हा विचारत होता पण मी बधले नाही. तू काळजी करू नकोस. तुझ्या जागेवर मी कुणालाही येऊ देणार नाही.'

व्यंकटेशने कपाळावर हात मारून घेतला. बाई आधी हसल्या. पदर तोंडाला लावून, अंग गदगदेपर्यंत हसल्या. आणि त्याच हसण्यात कधी रडायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. इतकी वर्षं पत्रं लिहिली. वांग्याची भाजी खारट झाली इथपासून नवरा गेला इथपर्यंत सगळं लिहिलं. पण मला इथे भागीरथी म्हणतात, एवढं एक वाक्य कधी लिहिलं नाही. मुद्दाम लपवलं असं नाही. अक्कापाशी ते नाव न्यावंसंच वाटलं नव्हतं.

"आई, सोडून देऊ या आता," व्यंकटेश म्हणाला.

"दमलेय रे मी," बाई म्हणाल्या. "खरंच दमलेय. पण ती तिथे दार अडवून बसलीय माझ्यासाठी, आणि मी इथे सोडून देऊ म्हणतोस?"

आता एकच मार्ग होता. द्वारका आणि भागीरथी एकच, असं प्रतिज्ञापत्र. आणि लग्नात हजर असलेल्या माणसाची साक्ष. लग्नातली सगळी माणसं वर गेली होती. उरले होते एक धाकटे दीर, कृष्णाजीराव, गवीपुरात राहणारे. आणि त्यांच्याशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण? व्यंकटेशच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव छापायचं राहिलं होतं. मराठी माणसाला एक वेळ जेवायला बोलवायला विसरा, पत्रिकेत विसरू नका. पुढे सख्खा भाऊ गेला तरी हे गृहस्थ तेराव्याला आले नव्हते.

भागीरथीबाई दोन बस बदलून, एकट्या, त्यांच्या दारात गेल्या. कृष्णाजीराव बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पेपर खाली केला नाही.

"काय वहिनी, वाट चुकलात?"

"सही पाहिजे तुमची," बाईंनी सरळ सांगितलं. नमनाला घडाभर तेल घालायची ताकद उरली होती कुठे? उभ्याउभ्याच त्यांनी अक्का, दिल्ली, नकार, सगळं सांगून टाकलं.

कृष्णाजीरावांनी ऐकून घेतलं. "वा! पत्रिकेत नाव घालायला जागा नव्हती तुमच्याकडे. आता प्रतिज्ञापत्रात घालायला आलात."

"चुकलं आमचं. त्याच दिवशी कळलं होतं चुकलं ते. तुमच्या भावालाही कळलं होतं. तोंड उघडलं नाही कुणी."

म्हाताऱ्यांनी पेपर खाली केला. मग पेपराची घडी घालत म्हणाले, "मी दहा वर्षांचा होतो. दादाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. दादाने तांदळांत नाव लिहिलं, सगळे वाकून बघायला लागले. तुम्ही नाही बघितलंत. भटजी म्हणाले, 'बघ गं, तुझं नाव.' तुम्ही म्हणालात, 'माझं नाव आहे की.' आईला फार राग आला होता तेव्हा."

"असं म्हणाले मी?" बाईंना काहीच आठवत नव्हतं.

"म्हणालात. आणा तो कागद. आणि बसा खाली, कॉफी घ्या. उभ्याने आलेल्या माणसाला मी सही देत नाही."

प्रतिज्ञापत्र झालं. नोटरीने शिक्का मारला. अर्ज तिसऱ्यांदा गेला, तेव्हा सत्त्याण्णव साल उजाडलं होतं. या वेळी व्यंकटेशने अभिराजला चार पानी पत्र लिहिलं. चौकशीला माणूस पुन्हा येणार. आजीने या खेपेला अडवलं, तर सगळं कायमचं मुसळ केरात. अभिराजचं उत्तर आलं. 'काळजी नसावी. रोज सकाळी चहाआधी आजीकडून म्हणून घेतो. बहीण कोण? भागीरथीबाई. राहते कुठे? बेंगळुरू. सुरुवातीला फार चिडायची, कप ढकलून द्यायची, द्वारकाच म्हणायची. आता म्हणते. चुकली की परत म्हणून घेतो.' पुढल्या पत्रात लिहिलं, 'माणूस येऊन गेला. आजीने एकही चूक केली नाही. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.'

बाईंनी ते पत्र कावेरक्कांनाही वाचून दाखवलं. "शहाणी गं माझी अक्का," म्हणाल्या. "या वयात पाठांतर करतेय माझ्यासाठी." अक्काच्या स्वतःच्या अक्षरातलं पत्र मात्र नंतर आलं नाही. अभिराज दुकानात गुंतलेला असेल, तिला पाकीट आणून देत नसेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

सप्टेंबरात व्हिसा आला. फक्त कराची, पंधरा दिवस. व्यंकटेशने पासपोर्ट आईच्या हातात दिला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने शिक्का बघितला, "झालं का?" म्हणाली आणि उरलेले तांदूळ निवडून मगच उठली. आनंद व्हायला हवा होता, पण तो व्हायला अंगात काही शिल्लक असावं लागतं. त्या दिवशी दुपारभर बाई नुसत्या झोपल्या.

मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे विमान, गुरुवारची तारीख ठरली. अक्काच्या घरी फोन नव्हता. अभिराजने दुकानाचा नंबर कळवला होता. 'आजीला रविवारी अकरा वाजता दुकानात आणून बसवतो. फोन करा.' रविवारी पावणेअकराला मायलेक चौकातल्या आयएसडी बूथवर जाऊन बसले. बाईंनी नवी साडी नेसली होती. फोनवर कोण बघतंय, असं सून म्हणाली, तर तिच्यावर डाफरल्या. पन्नास वर्षांनी अक्काचा आवाज ऐकायचा होता.

तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला. अभिराज बोलला, मग कुणाला तरी मोठ्याने सांगितलं, "आजी, बेंगळुरूहून फोन आहे." खरखर झाली. मग श्वास ऐकू आला.

"अक्का," बाई म्हणाल्या. "अक्का, मी द्वारका बोलतेय."

पलीकडे पुन्हा नुसती खरखर.

"अक्का, ऐकू येतंय ना? मी द्वारका!"

"द्वारका कोई नहीं, साहब," पलीकडचा म्हातारा आवाज घाईघाईने म्हणाला. "मेरी छोटी बहन भागीरथीबाई. बेंगलोर में रहती है. एकही बहन है, साहब. भागीरथीबाई."

काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या व्यंकटेशला ऐकू आलं नाही. त्याला फक्त आईचा चेहरा दिसला, आणि तो आत यायला निघाला. बाईंनी हातानेच त्याला थांबवलं. पुन्हा एकदा द्वारका म्हणून बघावं, बोटीची, धक्क्याची, वडिलांच्या गोदामाची खूण सांगावी, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण पलीकडची म्हातारी भेदरली होती, ते तिच्या श्वासावरून कळत होतं. परीक्षा चालू आहे, चुकलं तर चहाचा कप पुन्हा लांबेल, असं तिला वाटत असणार. तिला आणखी किती ताणायचं?

"बरोबर आहे अक्का," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर सांगितलंत. मी भागीरथीबाईच बोलतेय. परवानगी मिळाली. गुरुवारी येतेय मी."

"मिळाली?" आवाज एकदम मराठीत आला, सैल झाला. मग अगदी हळू, कुणाच्या कानी पडू नये इतका हळू म्हणाला, "तुझं काम झालं ना बाई? तुझं नाव घे म्हणाले, मी घेतलं. रोज घेतलं. आता माझं एक काम कर. तिकडे बेंगळुरात माझी द्वारका असते. धाकटी आहे, एकटीने यायला घाबरेल. येताना तिला सोबत घेऊन ये."

बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आणते," त्या म्हणाल्या.